रोल नसलेला कॅमेरा

आधीच सांगून टाकतो, मी भूतबित मानत नाही. अंगारा, गंडा, उतारा… आमच्या घरात काहीच नाही. आम्ही बौद्ध. बावीस प्रतिज्ञा मले झोपेतून उठवलं तरी म्हणता येतात. वस्तीत कोणाच्या अंगात आलं तं मी तिथून उठून जातो. या सदरात लोक लिहितात ते वाचतो अन् मनात म्हणतो, याले पित्त झालं असल. आता मलेच लिहायची पाळी आली. शिक्षण सातवी नापास. चुका तुम्ही पाहून घ्या.

मी राहतो नेरले, एसटी स्टँडच्या मांगच्या वस्तीत. दोन खोल्या, समोर आंगण, आंगणात शेवग्याचं झाड. धंदा फोटोचा होता. तीस वर्षं लग्नं काढली. नेर, दारव्हा, बाभुळगाव… कुठं एसटीनं, कुठं सायकलनं, कुठं बैलगाडीत नवरीच्या पेटीवर बसून. कॅमेरा एकच. रशियाचा. विटेवानी जड, सगळं हाताचं काम, सेलसुद्धा लागत नाही. तो बनवणं केव्हाचंच बंद झालं. रोलही आता मिळत नाही म्हणा. पण कॅमेरा चालू आहे, खटका अजूनही कडक वाजतो.

त्यातली एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यात शिरणार नाही. उजव्या हाताले लिव्हर असते. फोटो काढला की लिव्हर ओढायचा, म्हणजे आतला रोल एक घर पुढं सरकते. डाव्या हाताले वर एक चक्री असते, नंतर रोल परत गुंडाळायची. आत रोल असला तं लिव्हर ओढल्यावर ही चक्री आपोआप फिरते, कारण रोलची डबी तिले अडकवलेली असते. रोल नसला तं लिव्हर ओढ ओढ ओढला तरी चक्री जाग्यावरून हालत नाही. फोटोवाला लिव्हर ओढताना चक्रीकडे पाहूनच घेते.

दुसरी गोष्ट, आमच्या धंद्यातली लबाडी. लग्नात रोल संपते अन् पाहुणे संपत नाहीत. मामा म्हणते माह्या जोडीचा काढ, मावशी म्हणते माह्या नातवाचा काढ. नाही म्हणलं तं भांडण. मंग आम्ही रिकाम्या कॅमेऱ्यानंच फ्लॅश मारायचो. याले खाली फ्लॅश म्हणत. लोकं खुश, आपण मोकळे. नंतर विचारलं तं सांगायचं, उजेड लागला, रोल गेला. सगळेच करत. मी जास्त केलं, कारण मी ते घरातही केलं.

माझ्या बायकोचं नाव कांता. दसऱ्याले आम्ही नागपूरले दीक्षाभूमीवर जायचो. त्या दिवशी ती पांढरी साडी नेसायची, निळ्या काठाची. निघायच्या आधी आंगणात लोखंडी खुर्ची टाकायची अन् बसायची.

"अजी, एक काढा ना. गाडीत बसल्यावर साडीचा बोळा होते."

"बस. लवकर बस."

"हासू का?"

"हास नाहीतर नको हासू. हालू नको फक्त."

अन् मी खटका दाबायचो. आत रोल नसायचा. दसऱ्याच्या वक्ताले लग्नं नसतात, अन् ऑर्डर आल्याशिवाय मी रोल भरत नव्हतो. एका फोटोसाठी अख्खा रोल कोण घालवते? असा माझा हिशोब. तिले नाही म्हणायच्या ऐवजी खाली फ्लॅश मारला. पहिल्या साली तिनं विचारलं, "माह्या फोटोचं काय झालं?" मी म्हणलं, अमरावतीले धुवायले पाठवला होता, त्यायच्या हातून उजेड लागला. दुसऱ्या साली तेच. तिसऱ्या साली ती म्हणली, "दरसाली माह्याच फोटोले उजेड लागते का?" अन् चहा ठेवायले निघून गेली. त्याच्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. पण बसणं सोडलं नाही. धंदा बसला, मोबाईल आले, तरी दसऱ्याले खुर्ची टाकायची अन् मी पेटीतून कॅमेरा काढायचो. मांगच्या दसऱ्यालेही टाकली. मीही दाबला. आत काही नव्हतं.

या श्रावणात ती गेली. मले वाढून देता देता खाली बसली ते उठलीच नाही. भाकर तव्यावर होती. ती मी उलटली. मंग शेजाऱ्यांले हाक मारली. भाकर आधी काहून उलटली, मले माईत नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या आठवणीच्या कार्यक्रमाले बुद्धाच्या मूर्तीच्या बाजूले तिचा फोटो ठेवायचा होता. घरात फोटोच नव्हता. मोबाईलवाला आला की ती तोंडावर पदर घ्यायची, म्हणायची, "मोबाईलात नको, आमच्या यायनं लय काढले माहे." शेवटी पोरीनं, मायानं, आधार कार्डावरचा मोठा करून आणला. त्यात ती घाबरलेली दिसते. चोरी करताना पकडल्यावानी. मी पाहिला अन् मले ती ओळखू आली नाही.

तिचा भाऊ देवानंद मेणबत्ती लावून उठला अन् सगळ्यांसमोर म्हणला, "भाऊजी, अख्ख्या तालुक्याचे लग्न काढले तुमी. अन् माह्या बहिणीचा फोटो आधारचा?"

  भंतेजींनी वंदना सुरू केली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. माया मांग थांबली होती, ती दारव्ह्याले राहते. सकाळी दहाच्या सुमारास मी पेटीतून कॅमेरा काढला. काहून काढला? हाताले काम नव्हतं म्हणून. खुर्ची आंगणात तशीच होती, कार्यक्रमाले बाहेर काढलेली. मी डोळा लावला. खुर्ची दिसली, मांगं निळी भिंत. खटका दाबला. लिव्हर ओढला.

चक्री फिरली.

मले वाटलं अंगठा लागला असल. परत दाबला, परत ओढला. चक्री फिरली… हळू, जशी रोल असल्यावर फिरते तशी. लिव्हरले वजनही लागलं. तीस वर्षं हा हात ते वजन ओळखते. मांगच्या दसऱ्यापासून कॅमेऱ्याले कोणी हात लावला नव्हता, पेटीची किल्ली माझ्या करदोऱ्याले.

अन् मंग मी जे केलं ते शिकाऊ पोट्टंही करत नाही. आत रोल असताना मांगचं झाकण उघडायचं नसते. रोल परत डबीत गुंडाळायचा, मंगच उघडायचं. मी भर उन्हात, उभ्या उभ्या, झाकण उघडलं.

आत काहीच नव्हतं. डबी नाही, रोल नाही. साफ.

झाकण लावलं. खटका दाबला, लिव्हर ओढला. चक्री गपगार. ढिला लिव्हर, खाली कॅमेऱ्याचा.

मले रडू आलं नाही. मी एवढंच समजलो की जनमभर तिले सांगतलं उजेड लागला, उजेड लागला… अन् जवा खरंच काही होतं, तवा मीच उजेड लावला.

पुढं रोज सकाळी त्याच वक्ताले खटका मारून पाहिला. चक्री हालली नाही. मंग यवतमाळले सलीमभाईकडे गेलो. जुना कारागीर, आता घड्याळं दुरुस्त करते. त्यानं कॅमेरा पूर्ण उघडला, भिंग लावून पाहिलं, फुंकर मारली.

"भाऊ, बगैर रोल ही चक्री फिरतच नाही. मशीनच तशी आहे. तिले फिरवणारी चीज रोलच आहे."

"पण फिरली. दोनदा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "वहिनी जाऊन किती दिवस झाले?"

मी सांगतलं.

"चाय पिऊ," तो म्हणला. "अन् थोडे दिवस पोरीकडे जाऊन राहा."

चहा पिला अन् घरी आलो, माया अजून होतीच. तिले सगळं सांगतलं. चक्रीचंही, अन् खाली फ्लॅशचंही. आईले जनमभर फसवलं, हे मी पोरीले पहिल्यांदा सांगत होतो. मले वाटलं चिडल. ती मेथी निवडून राह्यली होती. मान वर केली नाही.

"बाबा, आईले माईत होतं."

"काय माईत होतं?"

"मी चौथीत असन. कॅमेरा पुसता पुसता तिनं मले दाखवलं. हे चाक फिरलं तं आत रोल असते म्हणे, नाही फिरलं तं खाली. म्हणे, तुह्या बापाचं चाक माह्या फोटोले कधीच फिरत नाही."

"मंग बसायची कायले?"

मायानं काड्या वेगळ्या केल्या, पानं टोपल्यात टाकली.

"मीही विचारलं होतं. ती म्हणली, तेवढा वेळ तं माह्याकडे पाह्यते ना."

मी उठलो. कॅमेरा घेतला, आंगणात आलो. दुपारचे चार वाजले असतील, उजेड चांगला होता. खुर्ची भिंतीले टेकवून ठेवली होती, ती उघडून जाग्यावर ठेवली. माया दारात येऊन उभी राहिली.

मी खुर्चीले म्हणलं. लिहायले लाज वाटते, पण म्हणलं. "कांता, रोल नव्हता. कधीच नव्हता. अमरावतीवाल्यानं काही केलं नाही, मीच खोटं बोललो."

मंग डोळा लावला. घाई नाही केली. नेहमी करायचो. पहिल्यांदाच मी त्या खुर्चीकडे नीट पाहिलं… किती वेळ, सांगता येत नाही. खटका दाबला.

लिव्हर ओढला अन् चक्री फिरली.

"बाबा!" माया म्हणली. "फिरलं ना ते? मी पाह्यलं. फिरलं."

"हाव."

मी लिव्हर सोडला. झाकणाले हात लावला नाही. या वक्ती नाही.

पूर्वी लग्नात रोल आत फाटला, अडकला, तं आम्ही कोणाच्याही घरातली वाकळ मागून घ्यायचो. वाकळीत दोन्ही हात घालायचे, आत अंधार करायचा अन् बोटांनीच झाकण उघडून रोल सोडवायचा. मी मायाले दार-खिडकी लावायले सांगतलं. कांताच्याच दोन वाकळा होत्या, तिच्या हातच्या शिवलेल्या. एकावर एक घेतल्या, कॅमेरा अन् हात आत घातले, कडा गुडघ्याखाली दाबल्या. आतल्या आत झाकण उघडलं.

डाव्या बाजूले डबी होती. थंड, पत्र्याची. डबीतून पट्टी निघालेली होती. तिच्या काठाची भोकं माझ्या बोटाले लागली. मी जास्त चाचपलं नाही, घामाचा डाग पडते. झाकण बसवलं. खट् आवाज आला, तवाच हात बाहेर काढले.

"हाय का?" माया म्हणली.

"हाय."

"मंग गुंडाळून घ्या ना. डबी काढा. मी नागपूरले पाठवते, तिथं अजून धुतात म्हणे."

तिचं बरोबर आहे. चक्री उलटी फिरवायची, रोल डबीत गेला की झाकण उघडायचं, डबी काढायची. दोन मिनिटाचं काम. हजारदा केलेलं. मी मायाले म्हणलं, भरला नाही अजून, एका फोटोसाठी रोल काढत नसतात. ती माझ्याकडे पाहत राहिली. जनमभर माझ्या अशाच सबबी ऐकल्या होत्या तिनं.

खरं कारण ते नाही. खरं सांगायचं तं मी भ्यालो. उजेडात झाकण उघडलं अन् पहिल्यावानीच आत काही नसलं तं? वाकळीत आहे, उजेडात नाही, असं निघालं तं? मंग माझ्याजवळ आधारवरचाच फोटो राहील. आता निदान ती कॅमेऱ्यात आहे, असं म्हणता येते.

माया तिच्या घरी गेली. आधारवरचा फोटो मी भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. खिळा तसाच आहे. देवानंद परवा आला होता, त्यानं खिळ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्याच्या झाकणाले मी चारी बाजूंनी काळी चिकटपट्टी मारली. दसऱ्याले खुर्ची टाकीन, एक काढीन. रोलात छत्तीस बसतात, माझे तेवढे दसरे नाहीत.

मी आजही भूत मानत नाही. माझ्या बोटांनी डबी चाचपली अन् माझ्या पोरीनं चक्री फिरताना पाहिली, एवढंच मले माईत आहे. सलीमभाई म्हणते तेही खरं आहे, रोल नसला तं चक्री फिरत नाही. मले याचा अर्थ लागत नाही. तुमच्यातल्या कोणाले लागत असल तं जरूर कळवा. फक्त उघडून पाहा, असं सांगू नका.