सुनंदाने धरलेलं मनगट

आज दुपारी मुलुंडला डॉक्टरांच्या दाराबाहेर बसले होते. माझा रिपोर्ट यायचा होता, हात थरथरत होते. सोबत सुनंदा, ऐंशीच्या दशकातल्या आमच्या घाटकोपरच्या कबड्डी संघाची कॅप्टन.

तेव्हा एका फायनलला शेवटच्या चढाईत माझा दम तुटला आणि आम्ही हरलो. मी रडत सुटले. बचावात एकमेकींची साखळी धरतात तसं सुनंदाने माझं मनगट पकडलं. "गप गं! हरलो ते सातजणी हरलो."

आज नाव पुकारलं तेव्हा तिने तसंच मनगट पकडलं. म्हणाली, "चल, आत दोघी जाऊ."

रिपोर्ट चांगला आला, यार! पण ते कळायच्या आधीच माझा हात थरथरायचा थांबला होता.

तुमच्या संघातलं असं कोण आहे? आज फोन करा ना.