तारेतून दिलेला राक्षस

एव्हरशाईन वसाहतीतले माझे शेजारी दादा छत्री उसनी देतात, पण तिच्यासोबत स्वतःही स्टेशनपर्यंत येतात, भिजत. शाळेपासून जपलेल्या व्हिडिओ गेममध्ये त्यांनी आख्खी वसई फस्त करतील इतके राक्षस पकडून ठेवलेत. त्यातल्या लाडक्याची वाढ पूर्ण व्हायची, तर तो दोन यंत्रं जोडणाऱ्या तारेतून दुसऱ्याच्या गेममध्ये द्यावा लागतो. जुन्या खेळातली हीच गंमत त्यांना सगळ्यात प्रिय. तरी आजवर त्यांनी तो कुणाला दिला नव्हता.

रविवारी ते गेमची दोन यंत्रं आणि तार घेऊन माझ्याकडे आले.

"लगेच परत देशील ना? आईशप्पथ?"

"अहो दादा, राक्षस देताय की लेक?"

तार जोडली. माझ्या पडद्यावर येताच राक्षस डोंगराएवढा झाला. मी परत पाठवणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब. राहू दे जरा तिकडे. खूश दिसतोय."