आकडे जुळेपर्यंत

ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले तेव्हा गावात ओळखीचं कोणी नव्हतं, आणि पुढंही फारसं कोणी झालं नाही. माहेर राजुऱ्याचं. आई गेल्यावर तिकडच्या फेऱ्या कमी झाल्या. लग्न केलं नव्हतं. एका बाईंच्या घरी माडीवरची खोली भाड्यानं घेतली आणि पीएचडीला नाव नोंदवलं. विषय होता, कॅन्सरच्या संशोधनात कोणत्या देशाचं वजन किती. म्हणजे एखाद्या देशातल्या लोकांनी लिहिलेल्या लेखांचा आधार पुढं जगभरच्या लेखांनी किती वेळा घेतला, ते मोजायचं. कॉलेजात कोणाला सांगितलं की ते मान डोलवायचे आणि लायब्ररी किती वाजता बंद होते ते विचारायचे.

घरमालकीण बाईंनी मात्र नीट विचारलं.

"म्याडम, कॅन्सरचं औषध शोधून राह्यल्या का तुमी?"

"नाई बाई. कोनत्या देशाचं संशोधन दुसऱ्याईच्या किती कामी पडलं, ते मोजून राह्यली."

"मंग आपला नंबर कितवा?"

"आपल्या लोकाईनं लेख गंज लिवले. पन बाकीचे त्याईचा आधार कमी घेतात."

बाईंच्या दिराचा जबडा तंबाखूच्या खर्ऱ्यापायी काढावा लागला होता. "लिवतात तं खरं," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या.

माझं घोडं अडलं ते भारताच्याच आकड्यावर. उरुग्वेमधल्या एका प्राध्यापिकेचा लेख छापून आला होता. वर्षं तीच, देश तेच, पण तिचा भारत आणि माझा भारत काही जुळेना. मी भीत भीत मेल केली. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, आपण बोलू या.

ठरलं ते संध्याकाळी साडेसहाला. तिकडं तेव्हा सकाळचे दहा. आमच्याकडं धानाच्या रोवणीचे दिवस, गाव सगळं बांध्यांमध्ये चिखलात. आणि तिच्याकडं कडक हिवाळा. पडद्यावर ती शाल गुंडाळून बसलेली दिसली. वयानं माझ्याएवढीच. माझं इंग्रजी अडखळतं, तिचंही तसंच, त्यामुळं मला धीर आला.

"पाच देशांच्या लोकांनी मिळून एक लेख लिहिला, तर तू काय करतेस?" तिनं विचारलं.

"पाचही देशांना एकेक अख्खा लेख धरते."

"मी एकाच लेखाचे पाच वाटे करते."

मग मीही वाटे करून पाहिले. फरक कमी झाला, पण गेला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा बसलो, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. भारतातल्या कितीतरी लेखकांनी पत्त्यात गाव लिहून देश लिहिलाच नव्हता, ते लेख माझ्या हातून सुटले होते. आणि तिच्या संगणकानं अमेरिकेतलं इंडियाना राज्य भारतात आणून ठेवलं होतं. नावात इंडिया दिसलं की त्याला पुरे. हे सापडलं तेव्हा ती इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसायला लागली. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी जिन्यात अडवलं. "काऊन व म्याडम, कोनासंग बोलत होत्या? तुमाले हासतानी पयल्यांदा आयकलं."

काम झाल्यावरही आम्ही थोडं बोलत बसायचो. तिचा नवरा वारला होता, मुलगा दुसऱ्या देशात. "आमच्या विभागात हे असलं काम करणारी मी एकटीच आहे," ती एकदा म्हणाली. मी म्हणाले, "मी तर अख्ख्या जिल्ह्यात." त्यावर आम्ही दोघीही हसलो नाही.

पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी आकडे जुळले. तिचा भारत आणि माझा भारत, अगदी शेवटच्या लेखापर्यंत. तिनं टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात बसू या का, हे ती म्हणाली नाही, आणि विचारायला मला काही कारण सुचलं नाही.

मोजण्यातल्या या चुकांवर आम्ही मिळून एक लेख लिहिला. तो मेलवरच लिहून झाला. छापून आला, तिनं अभिनंदन कळवलं. नंतर तिला मुलांच्या आजारांवरचं दुसरं काम मिळालं आणि मेलही थांबल्या. साडेसहा वाजले की केस विंचरून लॅपटॉपपुढं बसायची माझी सवय मात्र काही महिने गेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक सूचना आली, तुमच्या लेखाचा आधार कोणीतरी घेतला आहे. पहिलाच आधार. घाईघाईनं उघडलं. लेख तिचाच होता. कंसात आमची दोघींची आडनावं शेजारी शेजारी. आपणच आपल्या लेखाचा आधार घेतला तर तो मोजणीत धरत नाहीत. म्हणजे हिशेबानं आमच्या लेखाला अजून कोणी विचारलं नव्हतं.

तरी मी तिला लिहिलं, पाहिलं, आनंद झाला.

तिचं उत्तर दोन ओळींचं होतं. "लेखाला गरज होती म्हणून घेतला. पण तुझं आडनाव टाइप करताना बरं वाटलं."

ते कोणाला तरी सांगावं म्हणून मी खाली उतरले. दाराला कुलूप होतं. बाई लेकीकडं पोंभुर्ण्याला गेल्या होत्या. मग ओट्यावर थोडा वेळ बसले. शेवटची बस स्टँडकडं वळताना दिसली. डास चावायला लागले तशी उठून वर आले आणि भात टाकला.