चिमाकाकीनं फिरवलेलं मत

चिमा गोरिवलीण ऐनाच्या झाडावर चढायला लागली की बघत राहावं! पन्नाशीची बाई, कासोटा घट्ट मारलेला, कमरेला कोयता, आणि सरसर वर. सावर्ड्यापासून दोन कोसांवरची त्यांची वाडी. तिथे पौष-माघात कवळ तोडावी तर चिमाकाकीनंच. कवळ म्हणजे पानांसकट तोडलेल्या फांद्या. त्या वाळवायच्या, भाताची रोपं करायच्या तुकड्यावर, म्हणजे दाढीवर पसरायच्या आणि उन्हाळ्यात पेटवायच्या. दाढ भाजली नाही तर रोप तरारत नाही, आणि रोप नाही तर भात नाही. इतकं सरळ! पण शेंड्याला कोयता लावायचा नाही. "शेंडा म्हंजे झाडाचा जीव," ती सगळ्यांना दटावायची.

एकोणीसशे पंचवीसच्या माघात वाडीत मेंबरसाहेब आले. दाजीसाहेब खातू, चिपळूणचे वकील, कौन्सिलात निवडून गेलेले. कोळसेवाल्यांनी डोंगरच्या डोंगर भादरले होते, म्हणून झाडतोडीचं बिल येणार होतं. दाजीसाहेबांची पार्टी म्हणे, फांदीलासुद्धा हात नको. समोरची पार्टी म्हणे, सगळंच मोकळं. मधलं कुणी बोलतच नव्हतं!

नुकती कवळ काढलेली झाडं बघून दाजीसाहेब कळवळले. खांबासारखी उघडी, वर फक्त शेंड्याच्या चार काटक्या. त्यांनी वहीत लिहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "चाळीस झाडं मेली."

"मेली?" चिमा गर्दीतून पुढे आली. "माझा आजेसासरा ह्यांचीच कवळ काढीत होता, साहेब."

"अहो बाई, एक पान तरी आहे का वर?"

"तुमच्या डोक्यावर तरी केस कुठं हायत? म्हणून काय तुमी मेलाव?"

सगळी वाडी खो खो हसली. पार्टीचे गावातले पुढारी आप्पा लालबुंद झाले. "चिमे, गप! मतदारयादीत नाव तरी आहे का तुझं?"

"नाव नसंना. दाढ हाय." आणि मग ती दाजीसाहेबांकडे वळली. "कोळशेवाले बुंध्यात कुऱ्हाड घालतात. त्यांना बांधा, दोरी मी देते. पण आमची कवळ बंद केलीत तर खायचं काय? वैशाखात या. ह्यातलं एक जरी झाड मेलेलं निघालं तर पुन्हा कोयता धरणार नाय."

घरी जाऊबाई कमळा तुटूनच पडली. "जीभ हाय का कोयता? एखादं वाळलं म्हंजे?"

चैत्रात झाडं फुटायला लागली. तांबूस कोवळी पालवी, एकेका खोडावर! चिमा रोज वर जाऊन मोजायची. तीस. पस्तीस. एकोणचाळीस. आणि कड्याच्या बाजूचं एक काही केल्या फुटेना. ती खोडाला हात लावून उभी राहायची.

वैशाखात दाजीसाहेब खरंच आले. आप्पा नाही, कुणी नाही, एकटेच, छत्री घेऊन. झाडाझाडाशी थांबून मोजत गेले, एकोणचाळीसला खूश झाले, म्हणाले, "पुरे, पटलं मला."

गप्प राहिली असती तर जमलं असतं! पण ती चिमा होती.

"पुरे कसं? एक ऱ्हायलं." ती त्यांना कड्याकडे घेऊन गेली. झाड कोरडं ठणठणीत. "ह्याचा शेंडा माझ्याच हातनं उडाला, साहेब. दिवस कलला होता, घाई केली. शेंडा गेला, झाड गेलं." आणि तिनं कमरेचा कोयता काढून त्यांच्या पायाशी ठेवला.

दाजीसाहेबांनी छत्रीच्या टोकानं ते वाळकं खोड ठोकून पाहिलं. मग खिशातून वही काढली. "पुन्हा सांग. शेंडा किती राखायचा?"

"दोन हात तरी."

पुण्याला कौन्सिल भरलं. पार्टीचा हुकूम होता, बिल आहे तस्सं पास करा. दाजीसाहेब उभे राहिले आणि दुरुस्ती मांडली: बुंधा तोडायला बंदी, पण दोन हात शेंडा राखून दाढीपुरती कवळ काढायला मोकळीक. त्यांच्या पार्टीतून त्या बाजूला मत पडलं ते एकट्या त्यांचं. समोरच्या पार्टीला वाटलं, नाही मामापेक्षा काणा मामा बरा, आणि त्यांनी हात वर केले. दुरुस्ती दोन मतांनी पास! शाळेच्या मास्तरांनी पेपरातली मत देणाऱ्यांची नावं वाडीला वाचून दाखवली तेव्हा कमळा जावेच्या गळ्यात पडून रडली.

पुढच्या माघात वाडीनं बिनघोर कवळ तोडली. चिमा खाली उभी. सगळे म्हणाले, "काकी, चढ गो, कोण बघतंय?" ती नाही चढली. पोरींना खालून शिकवलंन.

पार्टीनं दाजीसाहेबांना पुन्हा उभं केलं नाही. ते अपक्ष उभे राहिले आणि पडले. नंतर सावर्ड्याच्या बाजारात चिमाला दिसले.

"मेंबरी गेली म्हणे?"

"गेली. तुझा कोयता?"

"तो पण गेला."

दोघंही मोठ्यानं हसली. चिमानं टोपलीतले दोन पसे तांदूळ त्यांच्या उपरण्यात ओतले.

"घ्या. यंदाच्या दाढीचा हाय. खाऊन सांगा, चुकलाव काय ते."