दातकाकूंनी घेतलेली गाडी

कवळ्या बनवणाऱ्या बाईला गल्लीतली पोरं दुसरं काय म्हणणार? दातकाकू. पुढे मोठी माणसंही तेच म्हणू लागली आणि काकूंनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दंतवैद्यांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. तिथे खिडकीपाशी बसून त्या मेणात एकेक दात रोवायच्या, साचे घासायच्या, गुलाबी हिरड्यांना चकाकी आणायच्या. संध्याकाळी घरी निघताना भुवयांवर प्लास्टरची पांढरी भुकटी तशीच असायची.

नवरा मोजणी खात्यात. सगळे त्यांना मोजणीदार म्हणत. दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात उभी हयात रानावनात गेली, तरी सुट्टीच्या दिवशी हा माणूस घरात थांबत नसे. चार टाळकी जमवायची आणि उजाडता उजाडता डोंगर गाठायचा. काकूंना चढणीची काही खास हौस नव्हती, पण नवऱ्याची पाठ पुढे दिसत राहिली की त्याही मुकाट चढून जायच्या.

असा माणूस पडला कुठे, तर स्वतःच्या घरात, स्टुलावरून. पंखा पुसताना. मणक्याला असा मार बसला की कमरेखालचं शरीर परकं झालं ते झालंच. डॉक्टरांनी हळूहळू, समजेल अशा शब्दांत सांगितलं. काकूंना पहिल्याच वाक्यात कळलं होतं. मोजणीदारांना कळायला वर्ष लागलं.

इस्पितळातून चाकाच्या खुर्चीवर घरी आले तेव्हापासून काकूंनी त्यांना कधी दुखावलं नाही. चहा निवला म्हणून त्यांनी कप सरकवून दिला तर काकू दुसरा करून आणायच्या. घरातलं भांडणच बंद पडलं. एकेकाळी या दोघांची भांडणं वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जायची, आता शेजाऱ्यांना वाटायचं घरात कोणी राहतच नाही.

दरम्यान जुन्या गाडीने मान टाकली. ती छोटी गाडी काकू चालवायच्या. सकाळी मोजणीदारांना व्यायामाच्या केंद्रात सोडायचं, मग कामावर, दुपारी परत आणायचं. गिअरबॉक्स गेला तेव्हा गॅरेजवाल्याने हात वर केले. नवी गाडी घेणं भागच होतं.

धाकटा दीर धावून आला. माणूस प्रेमळ, पण सल्ला द्यायची फार घाई. "वहिनी, सरळ हिशेब आहे. बसकी, लहान गाडी घ्या. दादाला खुर्चीवरून सरकायला सोपी, पार्किंगला सोपी. रोजचं काय असतं तुमचं? केंद्र, दवाखाना, बाजार."

"आणि शनिवार-रविवारचं?" काकू म्हणाल्या.

दिराने दादाकडे पाहिलं. मोजणीदार खिडकीबाहेर बघत होते. "शनिवार-रविवारी कुठे जायचंय?" दीर खालच्या आवाजात म्हणाला.

त्या क्षणी काकूंच्या मनाने घेतलं ते घेतलंच. कच्च्या रस्त्यावर, दगडधोंड्यांत, चढावर जाईल अशी गाडी घ्यायची. आणि तीच रोज कामावरही न्यायची, कारण दोन गाड्या ठेवायची ऐपत नव्हती आणि जागाही.

आता अडचण अशी, की दगडांवरून जाणारी गाडी उंच लागते. पोट जमिनीपासून जितकं वर तितकं बरं. पण पोट वर गेलं की सीटही वर जाते, आणि खुर्चीवरून फळी टाकून केवळ हातांच्या बळावर सरकणाऱ्या माणसाला वीतभर चढ म्हणजे कडाच. एकाची सोय करावी तर दुसऱ्याची गैरसोय. दंतवैद्य हसून म्हणाले, "काकू, घोडा आणि उंबरठा दोन्ही एकाच मापात बसवायला निघालात."

"कवळी तरी दुसरं काय असते, डॉक्टर?" काकू म्हणाल्या. "चावायलाही हवी आणि टोचायलाही नको."

पहिल्या शोरूममधली गाडी पाहून डोळे दिपत होते. विक्रेता तरुण, तोंडाने साखर पेरणारा. समोरचा मोठा पडदा कसा रंग बदलतो ते तो दाखवत राहिला. काकूंनी दार उघडून सीटची उंची पट्टीने मोजली, आणि हे फार होतंय हे त्यांना कळलंही. पण मोजणीदार त्या दिवशी कधी नव्हे ते आपणहून म्हणाले, "बघू तर खरं."

त्यांनी फळी टेकवली. दोन्ही हातांवर भार घेतला, खांदे थरथरले, अर्ध्यावर पोचले आणि सीटच्या फुगीर कडेवरून फळी निसटली. मोजणीदार गाडी आणि खुर्चीच्या मधल्या फटीत कोसळले. तीन-चार जण धावले. एकाने काखेत हात घातला, दुसऱ्याने पाय धरले, आणि चकचकीत फरशीवरून त्यांना उचलून खुर्चीत ठेवलं. विक्रेत्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाजूला एक कुटुंब गाडी बघायला आलं होतं, त्यांनी सभ्यपणे पाठ फिरवली. ती पाठ फिरवणं मोजणीदारांना सगळ्यात जास्त लागलं.

घरी आल्यावर मोजणीदार म्हणाले, "तुला काय वाटतं, मला डोंगर दाखवलास की मी बरा होईन? मला सामानासारखं इकडून तिकडे नेऊ नकोस."

काकू स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडला आणि पाणी वाहू दिलं. रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये एवढाच हेतू.

पण शोध त्यांनी सोडला नाही. मोजणीदारांना न सांगता, कामावरून सुटल्यावर, त्या एकेक ठिकाण पालथं घालत राहिल्या. एक गाडी उत्तम होती, पण दार अर्धंच उघडायचं. एक बसकी होती आणि तिच्यावर डोंगराचं चित्रही रंगवलेलं होतं. चालवून पाहिली तर फक्त पुढची चाकं ओढणारी. नुसतं कपाळावर कुंकू, बाकी संसार नाही. तिसरी एवढी लांब की गल्लीच्या वळणावर रोज भिंतीला मुका देणार.

शेवटी शहराबाहेरच्या एका जुन्या गाड्यांच्या गॅरेजात त्यांना हवं ते सापडलं. तिथल्या मालकाला सगळे फोरमन म्हणत. गाडी आखूड, चौकोनी, रंग उडालेल्या शेवाळासारखा. चारही चाकांना ओढ, दगडातून हळूहळू चालायला वेगळा जोरकस गिअर, आणि रोजच्या गर्दीसाठी बाकीचे गिअर आपोआप बदलणारे. पोट पुरेसं वर, पण आत जमीन सपाट आणि सीट साधी, बाकासारखी, कडेला फुगवटा नाही. दार तर थेट काटकोनात उघडायचं. काकूंनी पट्टी लावली. व्यायाम केंद्रात मोजणीदार रोज ज्या बाकावर सरकायचे त्यापेक्षा चार बोटं उंच, बस्स.

"मोठे टायर टाकले तर आणखी रुबाबदार दिसेल," त्या मुद्दाम म्हणाल्या.

"मग तुमचे साहेब बसणार कसे?" फोरमन म्हणाले. "आहे तशी ठेवा. मी दाराच्या चौकटीला एक कडी बसवून देतो, हाताला धरायला. आणि फळी अडकायला खाच."

गाडी घरी आली. मोजणीदारांनी तिच्याकडे दोन दिवस पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मला खाली गाडीपाशी ने. आणि दार लावून घे, कोणी बघायला नको."

गाडी ठेवायच्या खालच्या गाळ्यात शटर ओढलेलं होतं. काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मागे फळी खाचेत बसल्याचा आवाज, मग कडी धरल्याचा, मग जोरजोरात श्वास. एकदा काहीतरी घसरलं. काकूंनी ओठ चावला, पण वळल्या नाहीत. नंतर सीटची स्प्रिंग कुरकुरली.

"झालं," मोजणीदार म्हणाले. "आता पाय तेवढे आत घे."

रोजच्या वापराला गाडी काही लाडकी नव्हती. आवाज फार, पेट्रोल प्यायची, खड्ड्यात कंबर मोडायची. पण महिन्याभरात काकूंचा हात बसला, आणि एका शनिवारी त्यांनी मोजणीदारांच्या आवडत्या डोंगराची वाट धरली. मागच्या अंगाने वनखात्याचा कच्चा रस्ता थेट पठारापर्यंत जात होता. गाडी दगडांवरून डुलत, कण्हत, पण न थांबता चढली. वर पोचल्यावर काकूंनी अभिमानाने शेजारी पाहिलं.

मोजणीदार समोरची पायवाट बघत होते. कधीकाळच्या त्यांच्यासारखीच चार माणसं पाठीवर पिशव्या टाकून, धापा टाकत, हसत कड्यावरून वर येत होती.

"परत चल," ते म्हणाले.

"थोडं बसू ना. वारा किती छान—"

"परत चल म्हटलं ना."

त्या रात्री काकूंना वाटलं, दीर म्हणाला तेच खरं. आपण नवऱ्याच्या जखमेवर मीठ चोळायला केवढा खटाटोप केला.

पुढचा आठवडा असाच गेला. शुक्रवारी जेवताना मोजणीदार म्हणाले, "चुकलं काय माहीत आहे? आपण माझ्या जागी गेलो. तिथे मी पायांनी पोचलेला आहे. तिथे गाडीतून गेलं की मला माझेच पाय दिसतात." मग थोड्या वेळाने, "पूर्वेला एक नदी आहे. वर धरण झालं तेव्हापासून पात्र कोरडंच असतं. चालणारी माणसं तिकडे फिरकत नाहीत, मैलोन्‌मैल नुसती वाळू. मीही कधी आत गेलो नाही. मोजायला कोण सांगणार होतं?"

"जाऊ या," काकू म्हणाल्या.

नदीपात्रात पहिला तासभर स्वर्ग होता. दोन्ही बाजूंना मातीचे उंच काठ, त्यात पक्ष्यांची बिळं, मधे ही एकटी गाडी. मोजणीदार डावीकडे, उजवीकडे सांगत होते. आणि मग एका वळणावर वाळू मऊ लागली. चाकं गरगर फिरली आणि गाडी पोटावर बसली.

"पाय काढ पेट्रोलवरचा! खोल जातेय!"

काकू उतरल्या. डब्याच्या झाकणाने वाळू उकरू लागल्या. ऊन डोक्यावर आलं होतं. मोजणीदार खिडकीतून सूचना देत होते. चाकापुढची काढ, बाजूची नको. टायरमधली हवा सोड. एवढी नाही. पायाखालच्या चटया काढून चाकापुढे घाल. उलटी घातलीस. काकूंची नखं तुटली, गुडघे सोलले, आणि सूचना थांबेनात.

"मी सांगतोय ते ऐकलं असतंस तर आपण इथे—"

काकूंनी झाकण वाळूत आपटलं.

"मी ऐकलं असतं? आणि तू? तू कधी माझं ऐकलंस? त्या दिवशी हजारदा सांगितलं, त्या स्टुलाचा पाय हलतोय, चढू नकोस. ऐकलंस? आणि आता मी इथे कुत्र्यासारखी वाळू उकरतेय आणि वर तुझी बोलणी खाऊ?"

लग्नानंतर सासूबाईंच्या शब्दाखातर त्यांनी नवऱ्याला 'अहो' म्हणायला सुरुवात केली होती. 'तू' तेव्हाच मागे राहिला होता. दोघंही थबकले. बोलून गेलेला शब्द आता कुठे पुरायचा, असं काकूंना झालं.

मोजणीदारांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही ऐकलं. हलत होता पाय. मला दिसत होतं."

"मग?"

"मग काय. वाटलं, एवढ्याने काय होतंय."

काकू वाळूतच बसल्या आणि मोठ्याने रडल्या. तिथे नळ नव्हता आणि लपवायचं कारणही नव्हतं. मोजणीदारांनी खिडकीतून हात लांब केला, तो त्यांच्या डोक्यापर्यंत पोचला नाही, तरी तसाच धरून ठेवला.

"मागच्या टायरची हवा अजून थोडी सोड," ते शेवटी म्हणाले. "आणि मला मूर्ख म्हण, म्हणायचं राहिलंय."

"मूर्ख," काकू म्हणाल्या, आणि डोळे पुसून टायरकडे गेल्या.

जोरकस गिअर टाकून, पाय अगदी हलका ठेवून त्यांनी गाडी पुढे घेतली. चटया मागे उडाल्या, गाडी हिसका देऊन कडक वाळूवर आली. परतीच्या वाटेवर दोघं भांडतच होती. चूक कुणाची, वळण कुणी सुचवलं, चटई उलटी होती की सुलटी.

त्या दिवसाची किंमत मात्र मोजावी लागली. तासन्‌तास खडबडीत रस्त्यावर बसून मोजणीदारांच्या मांडीमागे जखम झाली. तिथे संवेदना नाही, त्यामुळे कळलंही नाही. त्यांना आंघोळ घालताना ती काकूंना दिसली. जखम चिघळली, पालथं पडून राहायची वेळ आली, आणि हिवाळा अंथरुणातच सरला. डॉक्टर रागावले. "अशा रस्त्यावर यांना कोणी नेलं?"

काकू तोंड उघडणार तोच पालथे पडलेले मोजणीदार उशीतून म्हणाले, "मी गेलो."

जखम भरली. डॉक्टरांनी सांगितलेली हवेची गादी सीटवर आली. थोडं अंतर जायचं, मग थांबायचं, हातांवर भार घेऊन अंग उचलायचं, मगच पुढे. लांबचे बेत कायमचे मिटले. फोरमननी स्प्रिंगा जरा मऊ करून दिल्या, तर रोजच्या रस्त्यावर गाडी अधिकच डुलू लागली. काकूंनी तेही चालवून घेतलं.

वसंतात ते एका बंद पडलेल्या दगडखाणीशी गेले. खाणीत हिरवं पाणी साचलं होतं. काकूंनी गाडी काठाला लावली, थर्मासमधला चहा दोघांनी घेतला. आठवडाभर कवळ्यांचं काम फार होतं. बोलता बोलता काकूंची मान कलली आणि स्टिअरिंगवर हात ठेवूनच त्यांना झोप लागली.

अंग उचलायची वेळ झाली. मोजणीदारांनी कडी धरली, आवाज होणार नाही अशा बेताने स्वतःला वर घेतलं, थोडा वेळ तोलून धरलं आणि परत खाली ठेवलं. उन्हाची तिरीप काकूंच्या तोंडावर येत होती. मोजणीदारांनी हात लांब करून काकूंच्या बाजूची, काचेवरची ऊन अडवायची झडप खाली केली आणि पाण्याकडे बघत बसून राहिले.