तीन बद्द जागा

क्लबमध्ये मला सगळे नज्जार म्हणत. अरबीत नज्जार म्हणजे सुतार. माझं खरं नाव पासपोर्टवर होतं आणि पासपोर्ट मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या, कपाटात. नव्वदचं दशक सरत आलं होतं. कोकणातून मी दारं-खिडक्या करायला म्हणून कुवेतला आलो आणि जाऊन पडलो बास्केटबॉलच्या हॉलमध्ये. तिथली लाकडी जमीन सांभाळणं हे माझं काम. एवढाली माणसं एका चेंडूसाठी एवढी का भांडतात हे मला पहिले सहा महिने कळलं नाही, पण जमिनीची फळी न् फळी ठाऊक झाली. फणस पिकला का ते जसं थोपटून बघतात, तसा मी रोज सकाळी रिकाम्या हॉलमध्ये लाकडी हातोडीने जमीन थोपटत फिरायचो.

तीन ठिकाणी आवाज बद्द यायचा. एक डाव्या कोपऱ्यात, एक मधल्या वर्तुळापाशी आणि एक उजव्या बास्केटच्या थोडी अलीकडे. खालच्या पट्ट्या सैल झाल्या होत्या. वरून काही दिसायचं नाही, पण चेंडू तिथे आपटला की गुडघ्यापर्यंतही उठायचा नाही. कळलं त्याच दिवशी मुदीरला सांगायला हवं होतं. पण जमीन उखडायची म्हणजे अम्गऱ्याच्या वखारींत लाकूड शोधत फिरा आणि वर ‘इतके दिवस झोपला होतास का’ हे ऐकून घ्या. सीझन संपला की बघू, असं मी स्वतःला सांगितलं. आळस म्हणा, भीती म्हणा. दोन्ही होतं.

त्याच सीझनला तो आला. अमेरिकन, दारातून वाकून आत येणारा. क्लब दरवर्षी बाहेरचा एक खेळाडू आणायचा आणि पसंत पडला नाही तर मध्येच बदलायचा. माझ्या चार वर्षांतला हा सहावा. त्याने मुदीरला वय एकतीस सांगितलं होतं, मला चौतीस सांगितलं. फिलिपिन्स, सायप्रस, लेबनॉन, तुर्कस्तान असं बोटांवर मोजता मोजता तो मध्येच थांबला, कारण पुढच्या गावाचं नावच त्याला आठवेना.

त्याचा उजवा गुडघा गेलेला होता. कुणाला कळू नये म्हणून तो सकाळी लवकर यायचा आणि गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गुडघ्याला गुंडाळून बाकावर बसायचा. हॉलमध्ये आम्ही दोघंच. तो इंग्रजीत बोलायचा, मी हिंदीत, आणि आमचं बरं चालायचं. बाहेरच्या पॅसेजमध्ये दरवर्षीच्या टीमचे फोटो होते. त्यांच्या चौकटी मी करायचो. सीझनच्या शेवटी सगळे ओळीने उभे राहून तो फोटो काढत. एकदा तो म्हणाला, "अकरा वर्षं खेळतोय. असल्या एकाही फोटोत मी नाही. त्याआधीच मला घरी पाठवतात." हसत म्हणाला, पण मला ते लागलं. दर दोन वर्षांनी इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, सही होईल की नाही म्हणून जीव मुठीत धरणारा माणूस मी. मला नाही समजणार तर कुणाला?

म्हणून मी त्याला त्या तीन जागा दाखवल्या. त्याने चेंडू आपटून पाहिला, चेंडू बसकण मारून राहिला आणि तो लहान पोरासारखा खिदळला. मग मॅचमध्ये तो गंमत करायला लागला. समोरचा चेंडू आपटत आला की हा त्याला आडवा येत येत बरोबर बद्द जागेवर न्यायचा. चेंडू खाली राहायचा, समोरचा गांगरायचा आणि हा वाकून चेंडू उचलून मोकळा. गुडघा नसलेला माणूस पळून काय करणार? तो माझ्या जमिनीवर खेळत होता. लोक म्हणायचे, काय अनुभव आहे! मी कोपऱ्यात उभा राहून मनातल्या मनात मिशीला पीळ द्यायचो.

मार्चमध्ये कुठल्या तरी टीमने जमिनीबद्दल तक्रार केली. मुदीरने मला बोलावलं. "शुक्रवारच्या मॅचआधी सगळं ठीक कर. एकही जागा राहिली तर तुझ्या इकाम्याचा कागद इथेच राहील. आणि हे कुणाशी बोलायचं नाही. क्लबची अब्रू जाते." टीमला त्याच दिवशी चार दिवस सरावासाठी खैरानला समुद्राकाठी नेलं. मी एकटाच जमीन उखडत बसलो.

फरवानियाच्या खोलीत माझ्यासोबत रत्नागिरीकडचे एक चाचा राहायचे. क्लबची बस तेच चालवायचे. बुधवारी दुपारी जेवताना ते म्हणाले, "सकाळी एअरपोर्टला जाऊन आलो. नवा खेळाडू आणलाय. तुझा तो उद्याच्या मॅचला, नाय, परवाच्या मॅचला चमकला तर ऱ्हाईल. नायतर हा."

मी हातातला घास ताटात ठेवला. मी चाचांना सगळं सांगितलं.

"अरे, मग सांगून टाक ना त्याला! मनात ठेवून काय लोणचा घालणार हायस?"

"आणि तो मुदीराकडे गेलो तर? वर्षभर माका ठाऊक होता, ह्या मुदीराक कळला म्हणजे?"

चाचांनी ताटातला उरलेला मासा माझ्याकडे सरकवला.

दोन रात्री मी एकच वाक्य घोकलं. ‘आता तिथे चेंडू उसळतो.’ एवढंच तर सांगायचं होतं. शुक्रवारी बस आली. तो सरळ माझ्या सामानाच्या खोलीत शिरला, कारण गुडघा तिथेच बांधायचा. दार लोटलेलं होतं. मुदीर नव्हता, कुणीच नव्हतं. पट्टी आवळता आवळता त्याने मला विचारलं, "नज्जार, ऑल ओके?"

मी म्हटलं, "ऑल ओके."

पहिल्या रांगेत नवा खेळाडू नवे बूट घालून बसला होता. मॅच अशी रंगली की दर मिनिटाला मी देवाला काहीतरी कबूल करत होतो. त्यातल्या त्यात बरं म्हणजे डावा कोपरा आणि मधलं वर्तुळ, ह्या दोन जागांवर खेळ फारसा गेलाच नाही. शेवटचं मिनिट उरलं, आमची टीम एका गुणाने पुढे. समोरचा एक चपळ पोरगा चेंडू घेऊन निघाला. माझा अमेरिकन त्याला आडवा येत येत उजवीकडे न्यायला लागला. तो पोरगा बरोबर त्या जागेवर आला. हा अर्धं पाऊल मागे सरकला, वाकला, चेंडू जिथे खाली राहायचा तिथे त्याने हात घातला. चेंडू टणकन उठून पोराच्या कमरेपर्यंत आला. पोरगा ह्याच्या बाजूने निघून गेला आणि बास्केट झाली.

आम्ही हरलो. त्याने बाकाकडे पाहिलं नाही, मुदीरकडेही नाही. त्याने जमिनीकडे पाहिलं आणि मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे.

रविवारी सकाळी चाचांची बस दाराशी उभी होती. तो बॅग घेऊन हॉलमध्ये आला. मी हातोडी घेऊन तसाच उभा. माफी मागायची होती, पण कुठल्या भाषेत मागू ते सुचेना. त्याने एक चेंडू उचलला, उजव्या बास्केटपाशी गेला आणि तीनदा आपटला. तिन्ही वेळा चेंडू सरळ त्याच्या हातात आला. मग खाली बसून त्याने दुखऱ्या गुडघ्यावर भार न देता फळ्यांच्या सांध्यावरून बोट फिरवलं. सांधा कुठे लागलाच नाही.

"गुड वर्क, नज्जार," तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.