आठाचे नऊ करणारी रेघ

आमच्या तालुक्याच्या गावी, वाशीच्या बाजारात वजनकाटे दुरुस्त करणारा जलीलभाई म्हणजे तोंडाचा लई फटकळ. गिऱ्हाईक आत शिरायच्या आधीच ह्याचं सुरू, "कुठं आपटला? कुणी पाडला?" बापाच्या काळात लोखंडी तराजू होते, हातोडीनं भागायचं. आकड्यांचे काटे आले तवा पन्नाशीत गडी धाराशिवला जाऊन नवं काम शिकून आला. जीभ मात्र तीच ऱ्हायली. मला त्याचा भारी राग यायचा. माझी जीभबी काय कमी न्हाय म्हणा. वीस वर्सं अंगणवाडी चालवते म्या. नागूबाई म्हटलं की गाव टरकतं.

दसरा होऊन आठ दिवस झाले होते. वजनाच्या दिवशी करिश्मा तिच्या सव्वा वर्साच्या मल्हारला घेऊन आली. काट्यावर दिसलं नऊ पूर्णांक एक किलो. मागच्या महिन्यातबी तेवढंच होतं.

"बाई, हे खरं न्हाय," ती म्हणाली. "जुलाबानं वाळलंय लेकरू. कडेवर घेतलं की कळतंय मला."

"मोबाइल बाजूला ठेव आन चार घास भरव त्याला. वजन हाय तेवढंच हाय. उगं नाटकं करू नको!" चार बायकांसमोर म्या असं बोलले.

पोरगी तडकलीच. "मग काटाच खोटा हाय तुमचा!"

माझ्या काट्याला खोटा म्हणती! माझं डोकं सणकलं. म्हटलं, चल वाशीला, तुझ्या तोंडावर दाखवते. काटा काखेत मारला आन ती, लेकरू, म्या, तिघं जीपनं जलीलभाईच्या दुकानात गेलो.

त्यानं काटा सुरू केला, डोळे बारीक केले. "ह्या पहिल्या आकड्यात डावीकडची खालची रेघ फिकी हाय. कधीपासनं?"

"असल चार-आठ दिवस. बॅटरी उतरली असल. आकडा तर कळतोय की."

"कळतोय?" त्यानं पाच किलोचं वजन ठेवलं. पाच दिसलं. वर एक किलो ठेवलं. "वाचा आता."

"पाच."

"सहा ठेवलेत मी, बाई! सहा!" मग आणखी दोन ठेवले. आठ किलो झाले. काट्यावर दिसले नऊ. "ती रेघ गेली की सहाचे पाच दिसतात आन आठाचे नऊ. आन तुमी म्हणताव कळतोय!"

म्या वाकून आकडा पुन्यांदा वाचला. नऊच. करिश्मानं लेकराला घट्ट धरलं.

जलीलभाईनं बॅटरी बदलली. रेघ फिकीच. मीटरच्या सुया चिपच्या पायांना लावल्या. "चिप बराबर सांगायलीय. पण काचेपर्यंत पोचंना. वाटेत कायतरी आडवं आलंय." चार स्क्रू काढून काच उचलली. काचेखाली रबराची बारीक पट्टी असती, तिच्यातनंच एकेका रेघेला करंट जातो म्हणं. त्या पट्टीच्या एका टोकाला लाल-पिवळा राप बसला होता.

त्यानं नखानं खरवडून माझ्या नाकासमोर धरला. "हे काय हाय?"

म्या वळखलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला म्याच काटा ओल्या फडक्यानं पुसला होता. काचेच्या कडंनं हळदी-कुंकवाची पाच बोटं चांगली ओली, ठसठशीत ओढली होती. दर साली लोखंडी काट्याला ओढायची तशीच. हा नवा काटा औंदाच आला होता, ध्यानातच आलं न्हाय.

"पूजा करा की! कोण नको म्हणतंय? मागं लावा, पायाला लावा. काचेच्या फटीत कशाला कोंबलं?" तो ओरडत होता, आन म्या, कुणाचं ऐकून न घेणारी बाई, ऐकून घेत होते. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली होती. मला माझाच इतका राग आला की त्यानं आणखी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पट्टी स्पिरिटनं पुसली, काच बसवली. रेघ काळीभोर उमटली. आठ किलोचे आठच दिसले. मग करिश्मानं मल्हारला काट्यावर ठेवलं. रडायचंबी त्राण नव्हतं त्याला, नुसता टकामका बघत होता.

आठ पूर्णांक एक.

महिन्यात एक किलो उतरलं होतं लेकरू. त्याची आई बोंबलून सांगत होती आन म्या तिला मोबाइलवरून टोमणे मारत होते.

"माझ्याकडं काय बघताव?" जलीलभाई खेकसला. "दवाखान्यात न्या त्याला! माझ्या पैशाचं मरू द्या."

करिश्मा कधीच रस्त्याला लागली होती. म्या धापा टाकत तिला गाठलं. ऊन कडक होतं, ती घामानं निथळत होती, पदर पायात येत होता.

"आण गं, जरा म्या घेते त्याला," म्हटलं.

"हात लावू नका, बाई," ती म्हणाली.

म्या हात मागं घेतला आन दवाखान्यापतुर तिच्या मागनं चालत गेले.